अंतर लिहिलेलं नसलं की माझा बाण जमिनीत! डोळ्यांनी मीटर कसे ओळखायचे?

नेरुळची_रेखा

नमस्कार मंडळी. मी नेरुळला राहते, वाशीला एका कंपनीत अकाउंट्स बघते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिनला तिरंदाजीत कंपाउंडमध्ये, म्हणजे चाकं लावलेल्या धनुष्याच्या प्रकारात, जगज्जेती झाली. ती बातमी लेकाला दाखवत होते, त्याने काही मनावर घेतलं नाही, मीच क्लबात नाव नोंदवून आले. वय तेव्हा ३९. कंपाउंडचा खर्च ऐकून रिकर्व्हवर, म्हणजे बिनचाकांच्या धनुष्यावर, समाधान मानलं. आता तीस पौंडाचं धनुष्य ओढते.

क्लबात सगळं सोपं असतं हो. चुन्याची रेघ, समोर टार्गेट, मध्ये टेप लावून मोजलेले ३० मीटर. धनुष्यावर नेम धरायची साइट असते, तिची खूण तिसावर आणायची आणि अँकर (दोरी ओढल्यावर हात हनुवटीशी टेकतो ती जागा) नीट ठेवायचा. चांगल्या दिवशी सहातले चार बाण पिवळ्यात, म्हणजे मध्यात जातात. म्हणजे नेम अगदीच वाईट नाही, हे आधी सांगून ठेवते.

डिसेंबरात कर्जतच्या बाजूला एका फार्महाउसवर हौशी फील्ड राउंड होता, म्हणजे रानात फिरत एकेक टार्गेट मारायचं. बारा टार्गेटं, प्रत्येकाला तीन बाण, अंतर कुठेच लिहिलेलं नाही. मी लाल पेगवरून, म्हणजे उभं राहायच्या लाल खुंटीवरून, मारत होते. पाचवं टार्गेट आंब्याखाली, मध्ये एक कोरडा ओढा. काळा फेस (टार्गेटवरचा छापील कागद), मधे पिवळं. मी मनात म्हटलं, हा ६० सेंटिमीटरचा फेस, म्हणजे ३३ मीटर. हा आकडा इतका छातीठोकपणे आला की मी साइट तेहतिसावर लावून मोकळी. पहिला बाण टार्गेटच्या खाली मातीत. वाटलं, सोडताना हात पडला. दुसरा तसाच, तो तर गवतात गेला तो गेलाच. तिसऱ्याला वैतागून साइट चाळिसावर नेली, तेव्हा कुठे खालच्या काठावर लागला. एक गुण. जवळ गेल्यावर आयोजकांनी कागद बघून सांगितलं, ४४ मीटर.

अकरा मीटर चुकले! भाजी घेताना पन्नास ग्रॅम कमी भरलं तरी मला हाताला कळतं, आणि इथे अकरा मीटर.

दिवसाचे गुण २१६ पैकी ७४. आमच्या सरांना विचारलं तर म्हणाले, "डोळ्याला सवय होते." होते, पण कशी? कुणी पायरी-पायरीने शिकलंय का? लेझरने अंतर काढायचं यंत्र स्पर्धेत चालत नाही हे माहीत आहे, ते सुचवू नका.

ठाण्याचा_बाण

ताई, मी कॉलेजला जातो, मला सोपी युक्ती माहितीये. लोकलचा एक डबा साधारण २० मीटर. समोर किती डबे मावतील ते बघायचं. दीड डबा म्हणजे ३०. आपल्याला डबे रोजच दिसतात ना.

आणि सराव करायचा तर रविवारी सकाळी धनुष्य घेऊन येऊरला या. झाडं, ओढे, चढ, सगळं कर्जतसारखंच. फुकट.

कोपरीकर

@ठाण्याचा_बाण, बाळा, डब्याचं ठीक आहे, येऊरचं अजिबात नको. तो डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शस्त्राची व्याख्या वाच, त्यात धनुष्यबाण नाव घेऊन लिहिलेलं आहे. परवानगीशिवाय शस्त्र आत नेणं हाच गुन्हा, बाण सोडायचीही गरज नाही. "साहेब, मी फक्त सराव करत होतो" हे वनरक्षकाला सांगून बघ.

रेखाताई, येऊरला जा, पण हात हलवत. अंतर ओळखायला धनुष्य लागतच नाही.

मोजणीवाले_काका

रेखाताई, मी तिरंदाज नाही. आयुष्यात धनुष्य हातात धरलं ते गावच्या रामलीलेत, तेही बांबूचं. पण भूमी अभिलेखात भूकरमापक म्हणून नोकरी केली, आता कळव्याला निवांत असतो. डोळ्यांनी अंतर हा माझ्या पोटापाण्याचा विषय होता, म्हणून लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट. मीटर नावाची वस्तू डोळ्याला दिसत नाही. डोळ्याला ओळखीचा तुकडा लागतो. तो तुकडा तुमच्या-माझ्याकडे आधीपासून आहे, गुंठा. गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे दहा मीटरला सहा सेंटिमीटर जास्त. आमची जुनी शंकू साखळी बरोबर तेवढीच असायची, ३३ फूट, तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणायचे. इंग्रजांची गुंटर साखळी तिच्या दुप्पट, ६६ फूट. आणि ६६ फूट म्हणजे २२ यार्ड, म्हणजे क्रिकेटचं पीच. हा योगायोग नाही, पीच साखळीनेच मोजलं जायचं. तेव्हा एक गुंठा दहा मीटर, एक पीच वीस मीटर. लेकाला पीच दाखवायला लावा, मुलांच्या डोळ्यात ते पक्कं बसलेलं असतं. शाळेच्या मैदानावर कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, व्हॉलीबॉलचं १८. आखलेलं काही दिसलं की कडेला उभं राहून एकदा डोळे भरून बघून घ्यायचं.

दुसरी गोष्ट, आणि तुमचं घोडं इथे अडलंय असं मला वाटतं. गुंठे एकापुढे एक ठेवत गेलात तर ते सारखे दिसत नाहीत. पायापासून पहिला गुंठा अंगणाएवढा दिसतो. दुसरा बराच लहान. तिसरा दुसऱ्याच्या एक-तृतीयांश, आणि चौथा तिसऱ्याच्याही निम्मा. माणूस उभा असेल, जमीन सपाट असेल, तर हे असंच येतं, कागदावर कोन काढून बघा. नवखा माणूस काय करतो? चौथा आणि पाचवा मिळून एकच गुंठा धरतो. म्हणून ४४ चे ३३ होतात. माझ्या हाताखाली आलेला प्रत्येक नवा मुलगा पहिल्या महिन्यात लांबचं अंतर कमीच सांगायचा, एकही अपवाद आठवत नाही.

त्यात तुमचा ओढा. मधली जमीन दिसली नाही की डोळा ती वजा करतो. ओढ्याचा अलीकडचा काठ आणि पलीकडचा काठ चिकटून दिसतात. अशा वेळी समोरून बघू नका, बाजूला बघा. ओढा उजवीकडे वळून कुठे उथळ होतो, तिथे बांध असेल, कुंपण असेल, त्यावरून गुंठे मोजत पलीकडे जा आणि मग टार्गेटच्या रेषेत या. आम्ही नाल्यापलीकडचा दगड असाच अंदाजायचो, मग साखळी टाकायचो. पाण्याचंही तेच. नेरुळला तलावाकाठी फ्लेमिंगो बघायला जात असाल, ते हातभर अंतरावर वाटतात की नाही?

उजेडाचं सांगतो. उन्हात असलेली वस्तू जवळ वाटते, सावलीतली लांब. दोन्ही बाजूंना झाडी असलेल्या बोळातून बघितलं तरी लांब वाटते. तुमचं टार्गेट आंब्याखाली होतं म्हणता, म्हणजे सावलीने तुम्हाला थोडी मदतच केली असणार. नाहीतर तीससुद्धा म्हणाला असता.

आता कृती. हार्डवेअरच्या दुकानातून ३० मीटरची फायबरची टेप आणा. सपाट रस्त्यावर तीस मीटर आखून रोजच्या चालीने तीनदा चाला आणि पावलं मोजा. ताठ, परेडसारखं चालू नका, बाजारात जाता तसं. दहा मीटरला तुमची किती पावलं ते कळलं की टेप घरी ठेवली तरी चालेल. मग रोज दहा वस्तू. खांब, झाड, रिक्षा, काहीही. आधी आकडा *वहीत लिहायचा*, मग चालत जाऊन मोजायचा. मनात धरलेला आकडा मोजल्यावर गुपचूप बदलतो, माणूस स्वतःशी लबाडी करतो. मी पंचवीस वर्षं हे बघितलंय, साहेब लोकांचंही.

लांबच्यासाठी निम्मं करायची पद्धत आहे. मधला बिंदू शोधा, तिथपर्यंतचं अंतर सांगा, दुप्पट करा. पण चूकही दुप्पट होते हे ध्यानात ठेवा. आणि मधला बिंदू माणसं नेहमी जवळ धरतात, कारण वर सांगितलंच. मी स्वतः दोन आकडे काढायचो. "यापेक्षा कमी असूच शकत नाही" तो एक, "यापेक्षा जास्त असूच शकत नाही" तो दुसरा. मग मधला.

एक सूचना. टेप घेऊन रस्त्यावर वाकलात की लोक गोळा होतील. तयारीने जा.

ऐरोलीचा_कंपाउंड

काकांना दंडवत. तिसरा गुंठा दुसऱ्याच्या एक-तृतीयांश, हे मी खरंच कोन काढून बघितलं. बरोबर आहे.

ताई, पण तुमच्या पाचव्या टार्गेटचं खरं दुखणं मला वेगळं वाटतं. तुम्ही जमीन बघितलीच नाहीत, तुम्ही फेस बघितलात. "हा साठचा, म्हणजे ३३." बरोबर ना? आता गणित बघा. ६० चा फेस ३३ मीटरवर जेवढा दिसतो, तेवढाच, केसभरही फरक नाही, ८० चा फेस ४४ मीटरवर दिसतो. साठ भागिले तेहतीस, ऐंशी भागिले चव्वेचाळीस, उत्तर एकच. तुमचा डोळा चुकलाच नाही. डोळ्याने आकार अचूक वाचला, डोक्याने फेस चुकीचा धरला.

फील्डमध्ये चार फेस असतात. २० आणि ४० चे लगेच ओळखू येतात, कारण वीसचे एका टार्गेटवर बारा लावतात आणि चाळीसचे चार. एकच फेस दिसला की तो ६० किंवा ८०. जागतिक नियमात लाल पेगवरून, अंतर न लिहिलेल्या राउंडला, ६० चा २० ते ३५ मीटरमध्ये असतो आणि ८० चा ३५ ते ५५ मध्ये. म्हणजे ६० की ८० एवढं ठरलं की निम्मं काम झालं, आणि ते चुकलं की सगळंच गेलं. त्यासाठी फेसच्या आजूबाजूला बघायचं. ज्या फोमवर फेस लावलाय त्याच्या कडेला किती जागा उरलीय, खालचा स्टँड, मागचं गवत, शेजारी कुणाची पाण्याची बाटली. फेस एकटा बघितला की तो फसवणारच. आधी काकांच्या गुंठ्यांनी जमिनीवरून आकडा काढा, मग फेसवरून काढा. दोन्ही जुळले तर मारा. एक ३३ आणि एक ४३ आला, तर साइटला हात लावायच्या आधी पुन्हा बघा.

साइटच्या रिंगमध्ये फेस बसवून अंतर काढायची युक्ती कुणीतरी सांगेलच. सराव म्हणून बघा, स्पर्धेत त्या भरवशावर जाऊ नका. अंतर काढायला सामान वापरण्यावर नियमात बंधनं आहेत, आयोजकांना आधी विचारा.

आणि बाण मातीत का गेला तेही सांगून टाकतो, म्हणजे हात पडला म्हणून रिलीज (दोरी सोडायची पद्धत) बदलत बसणार नाही. तीस पौंडाच्या धनुष्याचा बाण सेकंदाला ५० मीटरच्या आसपास जात असेल. साइट ३३ वर आणि टार्गेट ४४ वर, तर बाण मध्यापासून सुमारे ९५ सेंटिमीटर खाली जातो. फेसची त्रिज्या ४०. मातीच. चाळिसावर नेल्यावर चूक चारच मीटरची उरली, बाण ३५ सेंटिमीटर खाली, म्हणजे बाहेरच्या वर्तुळात. एक गुण. तुम्ही तिन्ही बाण उत्तम मारलेत ताई. माझ्या कंपाउंडला तीच चार मीटरची चूक दहा-अकरा सेंटिमीटरला पडते, म्हणून आम्ही कंपाउंडवाले उगाच हुशार दिसतो.

चढ-उताराचं आता नको. एवढंच, की ३० अंशांच्या चढाला किंवा उताराला ४० मीटरचं टार्गेट साधारण ३५ चं समजून मारतात. बेलापूरला पारसिकच्या चढावर उभं राहिलात की ३० अंश किती तीव्र असतात ते कळेल. बहुतेक चढ पंधराचेही नसतात, लोकांना तीसचे वाटतात.

नेरुळची_रेखा

तीन आठवड्यांनी परत आलेय. आधी @ऐरोलीचा_कंपाउंड, तुमचा तो साठ-ऐंशीचा हिशोब वाचून मी ऑफिसात कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितला. खरोखर १.८१८ आणि १.८१८. मी रोज ताळेबंद जुळवते आणि मला हे सुचू नये! गेला महिनाभर रिलीज सुधारत होते हो मी.

काका, टेप आणली. माझी दहा मीटरला पंधरा पावलं होतात. पहिल्या दिवशी सेक्टरमधल्या रस्त्यावर लेकाला एक टोक धरून उभं केलं, मी दुसरं टोक घेऊन निघाले. भाजीच्या गाडीशी पोचले तर भाजीवाल्या मावशींनी कोथिंबीर टोपलीत टाकायला सुरुवात केलेली. "ताई, महापालिकेतून का? गाडी मागं घेऊ का?" मी म्हटलं, मावशी, बाण मारायला शिकतेय. त्यावर त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, त्यापेक्षा अतिक्रमणवाली असते तर बरं झालं असतं. सोसायटीचा वॉचमन सेक्रेटरींना फोन करून मोकळा. तुम्ही सांगितलं होतंत, पण मला वाटलं गंमत करताय.

वहीतलं थोडं देते, कारण आकडे बघून मलाच हसू आलं.

गेटपासून गुलमोहर: लिहिलं २८, निघाले ३४.
दूध केंद्रापासून ट्रान्सफॉर्मर: लिहिलं ३५, निघाले ४६.
जिन्यापासून लेकाची सायकल: लिहिलं १२, निघाले १२. (इथे मी नाचले.)
दोन इमारतींच्या मधल्या बोळात, सावलीत, पाण्याची मोटर: लिहिलं ३०, निघाले २५.

म्हणजे पंधरापर्यंत मी बरी. पुढे उघड्यावर सगळं कमी सांगते, जवळजवळ पाव हिस्सा. फक्त त्या बोळात उलट झालं. दुसऱ्या आठवड्यापासून मी गुंठे मोजताना चौथ्याला जाणूनबुजून थांबते आणि स्वतःला विचारते, हा एक आहे की दोन चिकटलेत? बहुतेक वेळा दोन असतात. आता चाळिसाच्या आसपास माझी चूक तीन-चार मीटरवर आलीये. फुशारकी नाही, वही आहे.

गेल्या रविवारी येऊरलाही गेले. @कोपरीकर, रिकाम्या हातानेच, फक्त वही आणि टेप. तिथे मात्र तीन आठवड्यांचं सगळं पुसलं गेलं. पाचोळ्यात गुंठे दिसेनातच. जमीन एकसारखी तपकिरी, ऊन जाळीसारखं पडलेलं, एका सागाला मी २५ म्हटलं आणि तो ३७ वर निघाला. रस्त्यावर डांबराच्या रेघा, फरशा, गाड्या असतात, डोळ्याला धरायला काहीतरी असतं. जंगलात काय धरायचं?

मोजणीवाले_काका

ताई, चार आठवड्यांतही मुलांना जे जमत नसे ते तुम्ही तीनमध्ये केलंत. वही टाकू नका.

जंगलात जमीन धरू नका, खोडं धरा. तुमच्यापासून टार्गेटपर्यंतच्या रेषेत, थोडं डावी-उजवीकडे, पाच-सहा खोडं निवडा. सर्वांत जवळचं खोड किती लांब ते सांगा, ते दहाच्या आत असेल, तिथे तुम्ही चुकत नाही. मग त्या खोडापासून पुढच्या खोडापर्यंत. उडी मारत जायचं, एकदम शेवटाकडे बघायचंच नाही. आणि खोडांचे बुंधे बघा, शेंडे नाही. बुंधा जमिनीला जिथे टेकतो ती जागा पाचोळ्यातही दिसते.

साग धोकेबाज असतो. सरळसोट वाढतो, जाडी पटकन कळत नाही, लहान साग जवळ आहे की मोठा साग लांब आहे ते सांगता येत नाही. तुमच्या साठ-ऐंशीच्या फेससारखंच की हे.

ठाण्याचा_बाण

काका, मी पण टेप आणली. ठाण्याला प्लॅटफॉर्मवर डबा पावलांनी मोजत होतो, टीसी म्हणाला तिकीट दाखव.

नेरुळची_रेखा

@ठाण्याचा_बाण, होतं का?

ठाण्याचा_बाण

पास होता. संपलेला.